तेविसावा महिना

साहेबांनी भिरकावलेला कप तिच्या कानाला चाटून गेला आणि मागच्या भिंतीवर फुटला. चहा गार झालेला होता, एवढंच काय ते नशीब. पण एक टवका कानाच्या पाळीत घुसला आणि रक्ताचा ओघळ कॉलरमध्ये उतरला.

"तक्ता!" साहेब ओरडले. "मी पैसे मागतोय आणि ही बाई मला तक्ता दाखवतेय!"

ऑफिसात तिला सगळे तक्तेबाईच म्हणायचे. अठरा वर्षं ती दर वर्षअखेरीला एक तक्ता बनवायची: कोणत्या प्रायव्हेट क्रेडिट फंडाने किती पैसा उभा केला, त्याला किती महिने लागले, किती फंड भरले आणि किती जणांनी दुकान बंद केलं. या फंडांचं काम तसं सोपं. बँक ज्यांना दारातूनच परत पाठवते, अशा कारखानदारांना चढ्या व्याजाने कर्ज द्यायचं. आणि त्यासाठी लागणारा पैसा पेन्शन मंडळं, विमा कंपन्या आणि मोठे धनिक यांच्याकडून गोळा करायचा. तक्तेबाई तो गोळा करायची. पन्नाशीला टेकलेली, विधवा, आवाज कधी न चढवणारी बाई. समोरच्याला वाटायचं, हिला नाही म्हटलं तर हिचं मन दुखेल. त्यावरच तिचं निम्मं काम व्हायचं.

साहेबांचा पहिला फंड आठ महिन्यांत भरला होता. दोन गुंतवणूकदारांना तर जागा नाही म्हणून परत पाठवावं लागलं होतं. दुसऱ्याला तेरा महिने लागले, तिसऱ्याला एकोणीस. आता चौथा होता, आणि तेविसावा महिना सुरू होऊनही तो भरत नव्हता. चोविसावा संपला की करारानुसार ज्यांनी पैसे द्यायचा शब्द दिला होता ते सगळे तो मागे घ्यायला मोकळे होते.

"साहेब, आपल्यालाच ग्रहण लागलंय असं नाही," ती कानावर हात दाबून म्हणाली. "यंदा एकूण पैसा गेल्या वर्षीइतकाच आलाय. पण भरलेले फंड निम्मे झालेत. पाच मोठ्या फंड-घरांनी दोन तृतीयांश उचललं. पेन्शनवाल्यांना आता लहान नाव नकोच असतं. मोठ्याच्या पदरात टाकलं की त्यांना झोप लागते. त्यात जुन्या फंडांतले पैसे परत मिळालेले नाहीत, मग नव्यात टाकणार कुठून?"

"म्हणजे आपण मरायचं?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. "लागलं का फार? दाखव." ते असेच होते. आधी डोकं फोडायचं, मग मलमपट्टीला स्वतः धावायचं.

आता एकच आशा उरली होती, परिचारिकांचं पेन्शन मंडळ. त्यांनी सही केली की फंड भरत होता. मंडळाच्या वतीने व्यवहार बघायची एक निवृत्त मेट्रन. चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली, उंच, हाडापेराने मजबूत बाई. सगळे कागद वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "कागदावर पेशंट नेहमी ठणठणीत असतो. मला एखादी जागा दाखवा, जिथे तुमचा पैसा गेलाय."

तक्तेबाईने यादी पुढे केली. शीतगृह जवळ होतं, छान होतं, वेळेवर हप्ते देत होतं. मेट्रनबाईंचं बोट मात्र खाली खाली सरकत गेलं आणि एका नावावर थांबलं. "हा बाटल्यांचा कारखाना. आमच्याकडे औषधाच्या बाटल्या इथून यायच्या. हाच बघू."

त्या कारखान्याचे तीन हप्ते थकले होते. साहेबांनी करारावर बोट ठेवून कारखाना ताब्यात घेतला होता आणि जमिनीला गिऱ्हाईकही शोधलं होतं. वर्ष संपायच्या आत जमीन विकली गेली, तर तक्त्यात ते कर्ज पूर्ण वसूल झालेलं दिसणार होतं. पण गिऱ्हाइकाला आवार रिकामं हवं होतं, आणि कामगार अकरा दिवसांपासून आत बसून होते.

साहेबांना सांगितलं तेव्हा यावेळी कप उडाला नाही. ते शांतपणे म्हणाले, "बाईला परवा अकरा वाजता घेऊन ये. मी नऊपर्यंत आवार मोकळं करून ठेवतो. कारखाना थंड दिसला तर सांगायचं, दुरुस्तीसाठी बंद ठेवलाय. तुझ्या दिराला निरोप धाडतो."

दिराला या धंद्यात तिनेच आणलं होतं. नवरा गेल्यावर घरात ती, सासूबाई आणि धाकटा दीर एवढेच उरले. दीर अंगाने रेड्यासारखा आणि हाताला काम नाही. तिनेच साहेबांना म्हटलं, पहारेकरी पुरवायची एजन्सी काढून देऊ का त्याला? साहेबांना असा माणूस हवाच होता. कर्ज थकवलेल्यांच्या जागा रिकाम्या करायचं काम त्याला मिळालं, आणि घरात दोन वेळचं नीट शिजायला लागलं. दीर जागा कशा रिकाम्या करतो, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मात्र तिने विचारलं.

"भावोजी, माणसं फक्त बाहेर काढायची. हात लावायचा नाही."

दीर बूट पुसत होता. हसला. "हात न लावता माणूस हलतो का वहिनी? म्हैससुद्धा हलत नाही."

"म्हातारी माणसं आहेत त्यात. बायका आहेत."

"मग त्यांनी लवकर उठावं." त्याने दुसरा बूट घेतला. "तुम्ही तुमचा पैसा आणा. मी माझी माणसं आणतो. दोघांचा मालक एकच आहे, उगाच तुमचं-माझं कशाला करता?"

आतून सासूबाईंनी काय चाललंय म्हणून विचारलं. दोघंही एकदमच म्हणाले, "काही नाही, आई."

ठरलेल्या दिवशी सकाळी साडेसातलाच दाराची बेल वाजली. बाहेर मेट्रनबाई उभ्या होत्या, पायात चालायचे बूट घालून.

"अकरा वाजता ठरलं होतं ना आपलं?"

"राउंड कधी सांगून घ्यायचा नसतो," मेट्रनबाई म्हणाल्या. "चला."

तक्तेबाईने चहा केला, तो हळूहळू ओतला. पर्स शोधण्यात दहा मिनिटं घालवली. आत जाऊन दिराला तीनदा फोन लावला, त्याने उचलला नाही. गाडीत बसल्यावर ड्रायव्हरला सांगून पेट्रोलला थांबवलं, टाकी भरलेली असताना. खरं तर एकच वाक्य पुरलं असतं: बाई, आज तिथे मारहाण होणार आहे, गाडी वळवा. ते वाक्य तिच्या जिभेवर दोन वेळा आलं. पण ते बोललं की सही गेली, सही गेली की फंड गेला, आणि मग घरी सासूबाईंना काय खायला घालणार? झालंही असेल आतापर्यंत, असं ती मनाशी म्हणत राहिली. गेलेही असतील सगळे मुकाट्याने.

साडेआठला गाडी कारखान्याच्या रस्त्याला लागली आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला. लोखंडी फाटक बिजागरीतून उखडून आडवं पडलं होतं. त्याला टेकून एक पहारेकरी बसला होता. त्याने तोंडापुढे ओंजळ धरली होती आणि ओंजळीत रक्तात भिजलेले तीन दात होते.

"हे दुरुस्तीचं काम का?" मेट्रनबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्या उतरल्या.

आत बाटल्यांचा पाऊस पडत होता. पॅकिंगच्या माडीवरून बायका क्रेटच्या क्रेट रिकामे करत होत्या आणि खाली पहारेकऱ्यांच्या डोक्यांवर, खांद्यांवर, फरशीवर काच फुटत होती. पहारेकरी पत्र्याच्या ढाली डोक्यावर धरून जिन्याकडे सरकत होते. एकाच्या गालाची कातडी सुटून पोळीच्या घडीसारखी खाली लोंबली होती, तरी तो शिव्या देत पुढे जात होता. जिन्याच्या तोंडाशी दोन कामगार लोखंडी नळ्या घेऊन उभे होते. पहिल्या पहारेकऱ्याच्या गुडघ्यावर नळी बसली आणि वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो पडला तसे मागचे चौघे त्याच्या अंगावरून चढले आणि त्या दोन कामगारांना त्यांनी कठड्यावरून खाली फेकलं. एक काचेच्या ढिगावर पडला. तो उठला, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा बसला.

माडीवरून एक वयस्क बाई केसांना धरून खेचत आणली गेली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिचं डोकं आपटलं आणि कपाळापासून मागेपर्यंत कातडी उलली. मेट्रनबाई थेट त्या मारामारीत घुसल्या. एका पहारेकऱ्याला त्यांनी कोपराने बाजूला केलं, जणू तो वॉर्डातल्या गर्दीतला नातेवाईक होता. गळ्यातला स्कार्फ काढून त्यांनी जखमेवर दाबला.

"इकडे या! हात धरा इथे, दाबून!" त्या तक्तेबाईवर ओरडल्या. "कोणाची माणसं आहेत ही?"

"माझ्या दिराची," तक्तेबाई म्हणाली. शब्द आपोआपच निघाले.

मेट्रनबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. "मग जा आणि त्याला थांबवा."

ती धावली. काच पायाखाली कुरकुरत होती. पुढच्या शेडमध्ये दोन भट्ट्या होत्या. पहिली चार वर्षांपूर्वीच विझलेली, काळी पडलेली. दुसरी धडधडत होती. चौदा वर्षं ती भट्टी एकदाही विझली नव्हती. तिचा गॅस बंद केला तर आतला रस, म्हणजे वितळलेली काच, थिजून दगड होणार, विटा तडकणार आणि भट्टी कायमची मरणार. म्हणून कामगार आवारात बसून होते. भट्टी जिवंत असेपर्यंत कारखाना जिवंत होता.

गॅसच्या झडपेला एक मोठं लोखंडी चाक होतं. त्या चाकाला दोन्ही हातांनी मिठी मारून एक किडकिडीत म्हातारा लटकला होता. तो भट्टीचा मुकादम. दीर त्याच्या बोटांवर दंडुका मारत होता, घाई न करता, एकेका बोटावर.

"सोड."

"नाही."

"सोड म्हणतो."

"नाही सोडत." मुकादमाचा आवाज रडवेला झाला होता, पण हात सुटत नव्हते. चार बोटं वेगवेगळ्या दिशांना वळलेली होती. मग दिराने दंडुका आडवा फिरवला आणि तो मुकादमाच्या जबड्यावर बसला. म्हातारा खाली कोसळला. दीर त्याच्या बरगड्यांत लाथा घालू लागला. एक, दोन, तीन.

"भावोजी! बस झालं!"

दिराने वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, कामातला माणूस मध्येच अडवल्यावर दिसतो तसा त्रास होता. "वहिनी, तुम्ही इथे काय करताय? बाहेर व्हा. दहा मिनिटांचं काम राहिलंय." आणि त्याने पुन्हा पाय उचलला.

फुटक्या काचेचा चुरा भट्टीत टाकायचं फावडं भिंतीला टेकून ठेवलं होतं. ते तिच्या हातात कसं आलं, हे तिला पुढे नीट आठवेना. पहिला घाव पाठीवर बसला, सपाट बाजूने. दीर गर्रकन वळला आणि उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. तिचा ओठ दातांवर चिरला, पुढचा दात हलला, तोंड खारट झालं. आयुष्यात तिला कोणी असं मारलं नव्हतं. दुसरा घाव तिने धारेने घातला, त्याच्या कोपरावर. दंडुका गळून पडला. दीर ओरडला, वाकला, आणि वाकलेला असतानाच तिने तिसरा घाव त्याच्या डोक्यावर घातला.

तिसऱ्याची गरज नव्हती. हे तिने पुढे पोलिसांनाही सांगितलं. दुसऱ्यातच तो हतबल झाला होता. पण हात थांबला नाही, आणि त्या क्षणी तिला बरं वाटलं होतं. हेही तिने सांगितलं.

दीर उलटा कोलमडला तो भट्टीच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या नळीवर. नळी उखडली आणि पाणी फरशीवर फुत्कारत पसरलं. त्याच्या धक्क्याने नळीला आधार देणारा जड लोखंडी घोडाही आडवा झाला आणि त्याच्या पायावर पडला. दीर निपचित पडला होता. डोक्यातून रक्त येत होतं.

मुकादम कोपरांवर उठायचा प्रयत्न करत होता. जबडा एका बाजूला सरकलेला, शब्द फुटत नव्हते. तो भट्टीच्या तळाकडे मोडक्या बोटांनी खुणा करत होता. "पा... पाणी..."

तिला कळेना. मग कळलं. भट्टीच्या तळाला एक तोंड होतं. त्याच्याभोवती सतत पाणी खेळतं म्हणून तिथला रस थिजून बुचासारखा बसतो. पाणी गेलं की बूच तापतं. ते आत्ताच लालसर दिसत होतं.

तिने दिराच्या काखेत हात घातले आणि ओढलं. तो हलला नाही. घोट्यावर घोडा होता, आणि घोडा दोन माणसांच्या वजनाचा होता. तिने हाका मारल्या. त्या गोंगाटात कोण ऐकणार? बूच नारिंगी झालं, मग पिवळं, आणि त्याच्या कडेने मधासारखी एक धार खाली उतरली. काच सावकाश चालते. ती फरशीवर पसरत दिराच्या बुटाकडे येत होती आणि वाटेतल्या पाण्याची वाफ होऊन चेहरे भाजत होते.

मुकादम सरपटत आला. ज्याने त्याची बोटं मोडली त्याच्या पायावरचा घोडा तो खांद्याने ढकलू लागला. तिच्या किंकाळ्या ऐकून एक कामगार आणि एक पहारेकरी शेडमध्ये आले. दोघे एकमेकांची मानगूट धरूनच आत घुसले होते. समोरचं पाहून त्यांनी एकमेकांना सोडलं आणि दोघांनी घोड्याला हात घातला. घोडा उचलला गेला, पण तोवर रस बुटापर्यंत पोचला होता. बुटाने पेट घेतला. दीर शुद्धीवर आला तो ओरडतच. असा आवाज माणसाच्या गळ्यातून निघतो हे तिला माहीत नव्हतं. तिने ओढलं, तिघांनी मिळून ओढलं, आणि तो सुटून बाहेर आला. बूट मात्र तिथेच राहिला, आणि बुटातलं बरंच काही.

दिराला शेडबाहेर आणून ठेवल्यावर तो कामगार आणि तो पहारेकरी क्षणभर धापा टाकत एकमेकांकडे पाहत राहिले. मग पहारेकऱ्याने कामगाराच्या कानशिलात हाणली आणि दोघे पुन्हा मातीत लोळले.

पोलीस दहा वाजता आले. तोपर्यंत दुसरी भट्टी अर्धी रिकामी झाली होती आणि आतल्या विटा बंदुकीच्या गोळ्यांसारख्या तडकत होत्या. ज्या भट्टीसाठी माणसांनी तेरा दिवस काढले होते, ती संध्याकाळपर्यंत मेली. मुकादम स्ट्रेचरवर होता. तो आवाज ऐकून त्याने तोंड फिरवलं.

जखमी एकतीस. मेला कोणी नाही, ही मेट्रनबाईंची करामत. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी पोत्यांच्या चिंध्या, दोऱ्या, पट्टे, जे मिळेल ते बांधून रक्त थांबवलं होतं. दिराच्या मांडीला पट्टा त्यांनीच आवळला. हात धुताना त्या तक्तेबाईला म्हणाल्या, "तुम्ही फावडं उचललंत तेव्हा मी शेडच्या दारात होते, तो पडल्यावर जखमींकडे परतले. मला विचारलं तर जे पाहिलं ते सांगणार. तुम्ही तिसऱ्यांदा मारलंत तेही."

"सांगा," तक्तेबाई म्हणाली. सुजलेल्या ओठांतून तो शब्द नीट निघालाही नाही.

इस्पितळात दुपारी सासूबाई आल्या, काठी टेकत. दिराचा पाय घोट्याच्या वरून कापला होता. तो अजून गुंगीत होता.

"कोणी केलं हे?" सासूबाईंनी विचारलं.

"मी, आई. फावड्याने."

सासूबाईंना वाटलं, नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा सासूबाईंनी काठी उचलली आणि तिच्या खांद्यावर हाणली. मग पुन्हा, मानेवर. तक्तेबाईने हात वर केला नाही. तिसऱ्या वेळी वॉर्डबॉयने काठी धरली. म्हातारी बाकावर बसली.

मग म्हणाली, "त्याने काय केलं होतं?"

"एका म्हाताऱ्याला मारत होता. तुमच्या वयाच्या. बोटं मोडली त्याची, जबडा मोडला."

"त्याचा बाप असाच होता," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं. आमच्याही घरात फावडं होतं."

दिराला घरी आणल्यावर चौथ्या दिवशी साहेबांचा वकील आला. मिठाईचा डबा ठेवावा तसं त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. म्हणणं असं होतं की दीर घसरून पडला, नळी जुनी होती, भट्टीचा अपघात झाला. साहेब कृत्रिम पाय बसवून देतील, वर दरमहा काहीतरी देत राहतील. तिच्यावर गुन्हा राहणार नाही. फक्त तिच्या फोनवर साहेबांचा जो निरोप होता, तो पुसून टाकायचा. दिराला पाठवलेला निरोप साहेबांनी सवयीने तिलाही पाठवला होता: नऊच्या आत मोकळं कर, कसंही, भट्टी थंड झाली तर उत्तमच.

दीर खाटेवरून म्हणाला, "घ्या, वहिनी. मी पडलो म्हणतो. चोराच्या हातची लंगोटी तरी मिळतेय."

"तुम्ही पडला नाहीत, भावोजी. मी मारलं."

"मला माहितीय कोणी मारलं! डोकं माझं आहे!"

"आणि त्या म्हाताऱ्याचा जबडा? तोही घसरून पडला?"

"पाय माझा गेलाय!" दिराने खाटेशेजारची कुबडी उचलून फेकली. ती तिच्या नडगीवर लागली. "माझा पाय गेलाय, आणि तुम्हाला खरं बोलायचा पुळका आलाय! इतकी वर्षं कुठे होतं हे खरं? माझ्या कामाचं खाताना विचारलंत कधी?"

"नाही विचारलं," ती म्हणाली. "तेही सांगणार आहे."

वकील पाकीट घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी तिने पोलीस ठाण्यात फोन जमा केला. दीर त्यानंतर तिच्याशी बोलेनासा झाला. ती रोज सकाळी त्याची पट्टी बदलायची, पू पुसायची, आणि तो छताकडे बघत पडून राहायचा. एकदा कापूस जरा जोरात ओढला गेला तेव्हा त्याने तिचं मनगट पिरगळलं आणि सुटका होईपर्यंत पिरगळतच ठेवलं. तिने दुसऱ्या हाताने पट्टी पुरी केली.

साहेबांना अटक झाली आणि संध्याकाळी जामीनही झाला. चोविसावा महिना संपला तेव्हा फंड भरलेला नव्हता. शब्द दिलेले सगळे एका आठवड्यात गळाले. मग एका मोठ्या घराने साहेबांची सगळी कर्जं निम्म्या किमतीत उचलली, बाटल्यांच्या कारखान्यासकट. कोर्टाने जमिनीची विक्री थांबवली आणि कामगारांचा थकलेला पगार आधी द्यायला लावला. तो मिळाला. काम मात्र मिळालं नाही. मुकादमाची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. साक्षीला आला तेव्हा तो पेला दोन्ही तळव्यांत धरून पाणी प्यायला.

मेट्रनबाई कोर्टाच्या आवारात भेटल्या. त्यांनी जे पाहिलं ते सगळं सांगितलं होतं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

"तुमच्या मंडळाने पैसे कुठे टाकले शेवटी?" तक्तेबाईने विचारलं.

"त्या मोठ्या घरात. ज्यांनी तुमच्या साहेबांना गिळलं, त्यांच्याकडेच." मेट्रनबाईंनी तोंड वाकडं केलं. "मी विरोधात मत दिलं. एकटीच होते. बाकीच्यांना तुमचाच जुना तक्ता दाखवला कोणीतरी. म्हणाले, सगळे तिकडेच चाललेत."

निकालाला दीड वर्ष लागलं. साहेबांना दोन वर्षं, पण अपील होऊन ते घरीच राहिले. दिराला एक वर्ष झालं, पण पायाकडे बघून कोर्टाने ती शिक्षा स्थगित ठेवली. तक्तेबाईला आठ महिने. वकील म्हणत होता, अपील करू, तुमचंही होईल. तिने नको म्हटलं. थकली होती, हेही एक कारण होतंच.

जायच्या दिवशी सकाळी तिने एका पिशवीत दोन जोड कपडे भरले. सासूबाईंनी टॉवेल दिला, काही बोलल्या नाहीत, पण पिशवीचं तोंड स्वतः बांधलं. दीर दारात खुर्चीवर बसला होता. नकली पाय भिंतीला टेकवून ठेवलेला. दीड वर्षात तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

"वहिनी."

ती थांबली.

"आत मारामारी होते म्हणे बायकांत."

"होत असेल."

"पहिला खाल्ला तरी चालेल. दुसरा खायचा नाही. पाठ भिंतीला ठेवायची." तो अजून तिच्याकडे बघत नव्हता. "मूठ करून दाखवा."

तिने मूठ केली. दिराने ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि च्च केलं.

"अंगठा आत घेतलात तर पहिल्याच ठोशाला मोडेल. तो बाहेर ठेवा." त्याने तिचा अंगठा धरून बाहेर काढला आणि दोन बोटांवर आडवा बसवला. "असा. आता मारा इथे. माझ्या हातावर."

तिने मारलं.

"हळू झाला," दीर म्हणाला. "पुन्हा मारा."